मळके पाय हवेत

“इनास, हे काय आहे?” सिस्टर क्लोटिल्डांनी विचारलं.

“पाय, सिस्टर,” इनासमामा म्हणाले.

“ते मला दिसतंय. त्यांच्यावर पांढरं काय आहे?”

“पावडर.”

शाळेच्या सभागृहात आम्ही नववीची मुलं हसू दाबत उभी होतो. इनासमामा आमच्या शाळेचे शिपाई. घंटा देणं, मैदान झाडणं, गटार तुंबलं की त्यात उतरणं ही सगळी कामं त्यांची. त्यांचे पाय गुडघ्याखाली एका रंगाचे असलेले मी कधी पाहिले नव्हते. आज सरावासाठी ते पँट दुमडून खुर्चीत बसले होते आणि त्यांचे पाय बाप्तिस्म्याला नेलेल्या बाळासारखे दिसत होते. नखं कापलेली होती. गुलाबाचा वाससुद्धा येत होता.

“बायकोनं वजरीनं घासून दिले,” ते लाजत म्हणाले. “म्हणाली, आल्तारापुढं, देवाच्या वेदीपुढं बसायचंय, माझी अब्रू जायला नको.”

सिस्टरांनी डोळे मिटले. त्या डोळे मिटायच्या तेव्हा प्रार्थना करताहेत की रागावल्या आहेत हे कळायचं नाही, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदमच चाललेलं असायचं.

त्याचं असं होतं. येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये फादर गावातल्या बारा जणांचे पाय धुतात. वसईकडच्या आमच्या गावात या बारा जणांत नाव लागणं हा मोठा मान. त्यांची तयारी बघण्यासारखी असते. कोणी आठवडाभर आधीपासून वाडीत चप्पल घालून जातो, कोणी नखं कापायला न्हावी बोलावतो. एका वर्षी तर एक गृहस्थ पाय जपायला भर उन्हाळ्यात लोकरीचे मोजे घालून हिंडत होते. मग फादर बिचारे त्या लखलखीत पायांवर पाणी ओततात, आणि ते पाणी खाली घंगाळात इतकं स्वच्छ उतरतं की त्यात तांदूळ धुवावेत.

सिस्टर क्लोटिल्डा त्या वर्षी नव्यानं मुख्याध्यापिका होऊन आल्या होत्या. नगरकडच्या. उंच, सडपातळ, पांढरे मोजे आणि काळे बूट उन्हाळा-पावसाळा पायांत. त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं की यंदा शाळेतही पायधुणी होईल, पवित्र गुरुवारच्या आदल्या दिवशी. आणि पाय फादर नाही, तर यंदा दृढीकरण घेणारी नववीची मुलं धुतील. गावात राबणाऱ्या माणसांचे.

“आणि पाय मळलेले पाहिजेत,” आता त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या. “कामावरून आलेले. चिखलाचे, धुळीचे. ज्यांना खरंच धुण्याची गरज आहे असे. स्वच्छ पाय धुणं ही सेवा नाही, ते नाटक आहे. कळलं?”

“हो सिस्टर,” आम्ही म्हणालो.

“हिल्डा आणि रेजी, तुम्ही दोघं थांबा.”

आम्हाला का थांबवलं ते मला ठाऊक होतं. दृढीकरण म्हणजे बिशप येऊन कपाळाला पवित्र तेल लावतात आणि त्या दिवसापासून श्रद्धेच्या बाबतीत तुम्ही मोठे झालात असं धरतात. त्याआधी प्रत्येकानं एक सेवाकार्य पुरं करायचं, हा सिस्टरांचा नियम. रेजीचं आणि माझं सेवाकार्य पार फसलं होतं. एकट्या राहणाऱ्या कातरीन आजीच्या घरी आम्हाला झाडलोट करायला पाठवलं होतं. आजी भाजी विकणारी, लाल लुगड्यातली, जिभेनं तिखट. तिनं आमच्या हातातला झाडू काढून घेतला, आम्हाला ओटीवर बसवलं आणि केळीच्या पानातल्या गरम पानमोड्या खाऊ घातल्या. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही भूक लागली म्हणून अर्धा तास आधीच गेलो. सिस्टरांनी चौकशी केली तेव्हा आजीनं अभिमानानं सांगितलं, “पोरं गोड हायत. काडीला हात लावू दिला नाय मी त्यांना.”

“तुम्हाला एक संधी देते,” सिस्टर म्हणाल्या. “बारा माणसं तुम्ही आणायची. मळलेल्या पायांची. बुधवारी सकाळी ती या खुर्च्यांवर बसली, तर तुमची नावं बिशपांकडे जातील. नाही तर पुढच्या खेपेला.”

“पुढची खेप कधी असते सिस्टर?” रेजीनं विचारलं.

“तीन वर्षांनी.”

तीन वर्षांनी माझा धाकटा भाऊ नेल्सन नववीत असणार होता. तोच नेल्सन, जो अजून शर्टाच्या बाहीला नाक पुसायचा. त्याच्या शेजारी त्याच्या वर्गातल्या चिल्ल्यापिल्ल्यांत मी बारावीची घोडी पांढरा फ्रॉक घालून उभी राहणार! शिवाय माझी धर्ममाता व्हायला मावशी कुवेतहून खास सुट्टी काढून आली होती. मला त्या क्षणी खरोखर रडू आलं.

“पाय मळवणं काय कठीण आहे?” बाहेर आल्यावर रेजी म्हणाला. “आख्खं गाव वाडीत राबतं. सगळ्यांचेच मळके असतात.”

रेजी गणितात हुशार होता, पण माणसांच्या बाबतीत त्याला काही कळायचं नाही.

संध्याकाळी बाबा वाडीतून आले. केळीला पाणी सोडून आलेले, त्यामुळे पोटऱ्यांपर्यंत चिखल. मला ते पाय बघून इतका आनंद झाला की मी धावत अंगणात गेले.

“बाबा, पाय धुऊ नका!”

बाबा तांब्या हातात धरून थांबले. “का गं?”

“बुधवारी. म्हणजे आज धुवा, पण बुधवारी धुऊ नका. तसेच शाळेत या. मी धुणार आहे.”

आई ओटीवरून गरजली, “चिखलाचे पाय घेऊन शाळेत? सिस्टरांपुढं? गाव म्हणेल, पेद्रूच्या घरात पाणी आटलंय काय!”

“सिस्टरांनीच सांगितलंय आई. मळकेच हवेत.”

“सिस्टर नगरच्या हायत. तिकडं पाण्याचा दुष्काळ. आमच्याकडं बावखलं भरलीयत.”

बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. वाडीवाडीत एक असतं. आईच्या मते देवानं ती वसईला दिली ती माणसांनी पाय धुऊन घरात शिरावं म्हणूनच.

बाबांनी तांब्यानं पाणी ओतलं. पाय धुतले, खसाखसा पुसले, मग म्हणाले, “मी नाय येणार.”

“का?”

“पोरीच्या हातून पाय धुऊन घ्यायला मी काय अंथरुणाला खिळलोय?”

“बाबा, ती सेवा आहे.”

“माझी सेवा करायची तर अभ्यास कर,” ते म्हणाले. मी तोंड एवढंसं केलं तेव्हा पुढं म्हणाले, “बघू.” आमच्या घरात बघू म्हणजे नाही. तरी मी बाबांचं नाव बारावं धरलं, कारण दुसरं कोणी सापडेल असं वाटत नव्हतं.

सापडायला खरंच जीव गेला. येतो म्हणायला सगळे तयार होते. शाळेत बोलावलंय, मुलं पाय धुणार, फादर येणार, मान आहे! पण मळक्या पायांनी या म्हटलं की चेहरे उतरायचे. एकानं विचारलं, अंघोळ केली तर चालेल का. एक जण म्हणाला, पाय मळके ठेवतो पण वरून मोजे घालतो. फुलवाल्या सांतानकाकांनी तर आपल्याऐवजी भावाला न्या म्हणून सांगितलं, कारण तो तसाही घाणेरडाच असतो. भाऊ तिथंच बसला होता. त्या दोघांची जुंपली ती आम्ही निघालो तरी चालू होती.

कातरीन आजीला मी शेवटी गाठलं.

“आजी, माझं दृढीकरण अडलंय.”

“माझ्यामुळं?” तिनं विचारलं. ती मुळीच ओशाळली नव्हती.

“तुमच्या पानमोड्यांमुळं.”

“मग येते. पण देवाघरी मळके पाय...” तिनं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूस केला. “माझी सासू कबरीतून उठून येईल.”

“आजी, येशूनं शिष्यांचे धुतले तेव्हा ते रस्त्यावरूनच आले होते.”

“त्यांच्या बायका बरोबर नव्हत्या म्हणून,” आजी म्हणाली.

तरी ती यायला तयार झाली. हळूहळू बाबांना धरून बारा झाले. रेजीनं तोवर सगळा बेत आखून ठेवला होता. माणसांना घरी जाऊच द्यायचं नाही. बुधवारी सकाळी ज्याला त्याला वाडीतूनच उचलायचं आणि थेट शाळेत आणायचं.

“पण रस्त्यात बावखलं आहेत,” मी म्हणाले.

“म्हणून रस्त्यानं नाही आणायचं. खाजणाच्या बांधावरून आणायचं. तिथं नुसतं खारं पाणी, त्यात कोणी पाय घालत नाही.”

“आणि शाळेतला नळ?”

“टाकीची चावी बंद करतो.”

मला त्या दिवशी रेजीविषयी आदर वाटला. तो फार टिकला नाही, पण वाटला होता.

बुधवारी सकाळी आमची वरात निघाली. पुढं रेजी, मागं मी, मधे गावातली राबणारी माणसं, सगळ्यांचे पाय बघण्यासारखे. सांतानकाका चिखलात, त्यांचा भाऊ त्याहून चिखलात. कातरीन आजी भाजीच्या वाफ्यातून उठून आलेली, बोटांच्या मधे माती, टाचा काळ्या. मला इतकं धन्य वाटलं की मी मनातल्या मनात एक ‘प्रणाम मरिये’ची प्रार्थना म्हणून टाकली. बांधावर ऊन कडक होतं. माणसं चालत होती पण अवघडून, लुगडी आणि पँटी पायांवर ओढत. वाटेत कोणी भेटलं की सांतानकाका आपण होऊन खुलासा करायचे, “सिस्टरांनी सांगितलंय हो! घरी पाणी आहे आमच्या!”

एका ठिकाणी कोणाचा तरी पंप चालू होता. पाणी भळाभळा बाहेर पडत होतं. आख्खी वरात न बोलता तिकडं वळली. रेजी आडवा झाला, दोन्ही हात पसरून. “नाही! कोणी नाही! तीन वर्षं थांबावं लागेल मला!” माणसं नाइलाजानं परत बांधावर आली. एका काकांनी तेवढ्यात डाव्या पायाचा अंगठा भिजवून घेतला होता. तो मी पुन्हा मातीत बुडवायला लावला.

शाळेच्या व्हरांड्यात आम्ही पोचलो तेव्हा सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी एकेकाचे पाय पाहिले. इनासमामांचेसुद्धा. त्यांना सिस्टरांनी पहाटेच गटारात उतरवलं होतं. सिस्टरांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच समाधान पाहिलं.

“छान,” त्या म्हणाल्या. “पण हे अकरा आहेत.”

“बाबा यायचेत,” मी म्हणाले. खरं म्हणजे बाबा सकाळीच माझ्या आधी उठून वाडीत पसार झाले होते.

“कुठे आहेत ते?”

“वाडीत. केळीत. ते बहुतेक... लपलेत सिस्टर.”

“लपलेत?” सिस्टरांनी घड्याळ पाहिलं. “फादर यायला वेळ आहे. मी आणते त्यांना. तू आत खुर्च्या मांड. रेजी, तू नळापाशी उभा राहा. कोणालाही तिथे फिरकू देऊ नकोस.”

आणि त्या काळे बूट वाजवत निघाल्या. मी आत गेले, खुर्च्या अर्धवर्तुळात लावल्या, वेदीवरची फुलं नीट केली, गाणाऱ्या मुलींना त्यांची जागा दाखवली. मग घंगाळ आत आणायला व्हरांड्यात आले.

सगळे ओळीनं बाकांवर बसले होते, हात मांडीवर, चेहरे तृप्त. माझी नजर खाली गेली.

अकरा जोड्या पाय. स्वच्छ. ओले. चमकणारे.

“आजी!” मी ओरडले. “नळ तर बंद आहे!”

“नळ कशाला? इथं पाणी ठेवलं होतं ना.”

कोपऱ्यात टेबलावर, पांढऱ्या भरतकामाच्या कापडावर, सोहळ्यासाठी काढलेली पितळी घंगाळं, तांबे आणि बारा नवे टॉवेल मांडून ठेवले होते. घंगाळातल्या पाण्याचा आता चहा झाला होता. टॉवेल मात्र नीट पिळून बाकाच्या पाठीवर वाळत घातलेले होते. कातरीन आजी कामात व्यवस्थित.

“आजी, ते पाणी तुमचे पाय धुवायला होतं!”

“मग? पायच धुतले,” ती म्हणाली.

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि भोकाड पसरलं. रेजी नळाच्या पहाऱ्यावरून धावत आला, त्यानं पाय पाहिले आणि तोही खाली बसला. आत गाणाऱ्या मुली सुरांचा सराव करत होत्या. माझ्या डोळ्यांपुढं नेल्सन दिसत होता, बाहीला नाक पुसत माझ्या शेजारी उभा.

“रडू नको गं,” सांतानकाका गोंधळून म्हणाले. “आमाला वाटलं, तुज्या हाताला घाण नको.”

तेवढ्यात फादर आले, मुलं आत आली, आणि आता थांबवायला उशीर झाला होता. अकरा जण आत जाऊन खुर्च्यांवर बसले. बारावी खुर्ची रिकामी. फादरांनी अकरा चकाकत्या जोड्यांकडे एक नजर टाकली आणि सवयीनं मान डोलावली. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मागच्या दारात खुडबुड झाली.

सिस्टर क्लोटिल्डा आत आल्या.

त्यांच्या एका पायात बूट होता. दुसऱ्या पायात तोही नव्हता, नुसता मोजा, आणि तो मोजा होता हे आधी माहीत असलं तरच ओळखता आलं असतं. गुडघ्यापर्यंत चिखल. झगा एका बाजूनं तपकिरी. डोक्यावरचा पदर तिरका होऊन कानावर आलेला. त्यांच्या मागं बाबा, मान खाली घालून.

सभागृहात कोणी हसलं नाही. इतकी हिंमत कोणातच नव्हती.

“पाटात पडल्या,” बाबा हळूच मला म्हणाले. “मी केळीत पुढं, त्या मागं. मी म्हणत होतो, सिस्टर, जमीन मऊ हाय. ऐकल्या नाय. ओढून काढल्या. बूट गेला आत.”

“आणि तुमचे पाय बाबा?”

बाबांचे पाय स्वच्छ होते.

“बावखलात धुतले. वाटेतच होतं.”

सिस्टर अकरा जणांपुढून चालत गेल्या. प्रत्येकाच्या पायाकडे बघत, थांबत. प्रत्येक जण आपले पाय खुर्चीखाली घेत होता. शेवटच्या खुर्चीशी त्या उभ्या राहिल्या आणि फादरांकडे वळल्या.

“फादर, माफ करा. आपण नुसती प्रार्थना करू. पायधुणी रद्द.”

त्यांचा आवाज कापरा होता. राग असता तर मला समजलं असतं. पण त्या रागावलेल्या नव्हत्या, दुखावलेल्या होत्या, आणि ते माझ्या वयाच्या मुलीलासुद्धा स्पष्ट दिसत होतं. मी माझं दृढीकरण क्षणभर विसरले.

“पेद्रू, तुम्ही बसा तिथे,” त्या बाबांना म्हणाल्या. “बारावी खुर्ची.”

बाबा खुर्चीपर्यंत गेले. बसले नाहीत.

“मी नाय बसत. माझे पाय मी धुतलेत.” मग त्यांनी खुर्ची जरा ओढून पुढं केली. “सिस्टर, तुमी बसा.”

“मी?”

“तुमी म्हणाला होतात ना, धुण्याची गरज असलेले पाय पाहिजेत?”

“काहीतरीच काय! मी मुख्याध्यापिका आहे. मी... बाहेर जाऊन धुऊन येते.”

“नळ बंद आहे सिस्टर,” रेजी म्हणाला.

“आन घंगाळातलं पाणी आमी संपवलं,” कातरीन आजीनं भर घातली.

सगळे सिस्टरांकडे बघत होते. चिखलाचे थेंब लादीवर पडत होते. फादर हसू आवरत खाली बघत होते. शेवटी सिस्टर बसल्या, पण अशा बसल्या की जणू दात काढून घ्यायला आल्यात. रेजी टाकीची चावी उघडायला पळाला आणि ताजं पाणी घेऊन आला. मी खाली गुडघ्यावर बसले.

बूट काढायला लागले तर त्यांनी पाय मागं घेतला.

“नको हिल्डा. राहू दे.”

“सिस्टर, नाटक नाहीये हे,” मी म्हणाले. कसं बोलले मला माहीत नाही.

त्यांनी पाय सैल सोडला. मोजे ओढून काढावे लागले. मी त्यांचे पाय तोवर पाहिलेच नव्हते, कोणीच पाहिले नव्हते. अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं, करंगळीवर कुरूप, टाचा चिरलेल्या. रोज एवढ्या ताठ चालणाऱ्या बाईचे हे पाय. मी पाणी ओतलं आणि घंगाळ लगेच लाल मातीचं झालं. बोटांमधली माती मी बोटांनी काढत होते. सिस्टरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

मग त्या माझ्यापुरतं, अगदी हळू बोलल्या.

“मी शाळेत होते तेव्हा असाच सोहळा होता. बारा पालकांत माझ्या वडिलांचं नाव होतं. ते उसाच्या फडातून तसेच आले, उशीर नको म्हणून धावत. गेटवर त्यांना सांगितलं, पाय धुऊन या.”

“मग?”

“गेले. ते परत शाळेत कधी आले नाहीत.”

मी टॉवेल शोधला, तर एकही कोरडा नव्हता. मग मी माझ्या युनिफॉर्मच्या फ्रॉकनंच त्यांचे पाय पुसले.

कातरीन आजी शेजारच्याच खुर्चीत होती आणि तिचे कान फार तिखट. ती उठली. अनवाणीच, तरातरा दाराबाहेर गेली. मला वाटलं, दुखावली, घरी चालली. पण जरा वेळानं ती परत आली तेव्हा तिच्या मागं लादीवर काळ्या पावलांची ओळ उमटत होती. शाळेमागं इनासमामांच्या वांग्यांच्या वाफ्यांना पहाटेच पाणी दिलं होतं. आजी त्यातून हिंडून आली होती.

ती खुर्चीत बसली आणि पाय पुढं केले. “माझे पण धू.”

“आजी, हा मुद्दाम लावलेला चिखल आहे!” सिस्टर उठून उभ्या राहिल्या, अनवाणी. “याला सेवा म्हणत नाहीत!”

“मग नका धुऊ. आमी बसतो असंच.”

सांतानकाका उठले. मग त्यांचा भाऊ. मग एकेक करत सगळे मागच्या दारानं वाफ्यांकडे निघाले. इनासमामा एकटेच ओरडत होते, “लादी! लादी मी सकाळी पुसलीय! आन माझी वांगी!” कोणी ऐकत नव्हतं. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि तेही गेले. आपल्याच वांग्यांत.

त्यानंतर जे झालं त्याला सोहळा म्हणता येणार नाही. नववीची सगळी मुलं बादल्या घेऊन धावत होती, लादीवर घसरत होती, गाणाऱ्या मुली गाणं सोडून पाय धुवायला बसल्या, फादरांनी झगा कमरेला खोचून एक घंगाळ आपल्याकडे ओढलं. सांतानकाका ओरडत होते, गुदगुल्या होतात. कातरीन आजी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगत होती, करंगळीच्या मागं राहिलंय बघ. आणि सिस्टर क्लोटिल्डा, त्या सगळ्या राड्याच्या मधोमध, तिरक्या पदरानिशी, हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

शेवटी त्यांनी पदर सरळ केला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “रेजी, हिल्डा. बिशपांपुढे उभं राहायचंय तुम्हाला. त्याआधी ही लादी मला आरशासारखी दिसली पाहिजे.”

“हो सिस्टर!” रेजी ओरडला आणि फरशी पुसायचं फडकं हवेत उडवलं.

मी घंगाळ उचलायला वळले तर बारावी खुर्ची रिकामी नव्हती. बाबा बसले होते. ते कधी बाहेर गेले आणि कधी आले, मी पाहिलंच नव्हतं. त्यांनी पँट दुमडली होती, आणि पाय घोट्यापर्यंत चिखलात होते.

ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते.

मी पाणी आणून खाली बसले. त्यांनी पाय उचलून घंगाळात ठेवले, आधी एक, मग दुसरा.

“उजव्या टाचेला भेग हाय,” ते म्हणाले. “सावकाश.”

“दुखते?”

“रोज,” बाबा म्हणाले.